शेठ वालचंद हिराचंद : जमिनीखालची साख

महाराष्ट्राच्या उद्योगजगतात शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव जहाज, विमान आणि मोटार या तीन उद्योगांच्या आद्य प्रवर्तकांत आदराने घेतले जाते. समुद्र, आकाश आणि रस्ता या तिन्ही मार्गांवर भारतीय मालकीची वाहने असावीत, ही त्यांची जिद्द होती. परंतु त्यांचे आणखी एक कार्य असे आहे की, जे सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही, कारण ते जमिनीखाली आहे. माहूरच्या डोंगरउतारांवरून पावसाळ्यात पैनगंगेकडे धावणारे ओढे जेथे रस्त्याला आडवे येतात, तेथे रस्त्याखाली काँक्रीटच्या गोल नळ्या घातलेल्या असतात. गवंड्यापासून सरपंचापर्यंत सर्वजण त्या नळीला ह्यूम पाईप म्हणतात. हा शब्द आपल्याकडे घरोघरी रूढ झाला, त्यात सोलापूरच्या एका जैन कुटुंबाने १९२६ साली सुरू केलेल्या काँक्रीट उद्योगाचा मोठा वाटा आहे. त्या उद्योगाची आणि त्याच्या संस्थापकाची ही जीवनकथा आहे.

घराणे आणि पूर्वायुष्य

वालचंदजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी हे घराणे मूळचे गुजरातेतील, दिगंबर जैन परंपरेचे. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात राहून ते पूर्णपणे मराठी मुलखाचे झाले होते. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा व सावकारीचा व्यवसाय होता. मात्र त्यांची खरी ओळख समाजसुधारक म्हणून होती. 'जैन बोधक' या नियतकालिकाच्या द्वारे त्यांनी समाजात ज्ञानप्रसाराचे काम केले. वालचंदजींच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत मातोश्रींचे निधन झाले. मातृछत्राविना वाढलेल्या या मुलाने मुंबई व पुणे येथे महाविद्यालयीन शिक्षण घेतले, पण ते पूर्ण न करताच घरच्या पेढीवर येऊन बसावे लागले.

पेढीचा व्यवहार त्यांना रुचला नाही. स्वतःच्या हिमतीवर केलेल्या व्यापारात आरंभी त्यांना मोठा तोटाही सोसावा लागला. व्यापारी घराण्यात तरुण मुलाने तोटा केला की त्याला गादीवर बसवून हिशेब लिहायला लावतात, ही तेव्हाची रीत. वालचंदजींनी मात्र निराळी वाट धरली. ती वाट आपल्या मराठवाड्यातून जाणारी होती.

येडशी ते तडवळे

लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतील नोकरी सोडून ठेकेदारीत उतरलेले गृहस्थ. त्यांच्याकडे कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदजींकडे घराण्याची पत होती, कामाचा अनुभव नव्हता. एक ब्राह्मण आणि एक जैन अशी ही भागीदारी जमली. 'फाटक-वालचंद' कंपनीला मिळालेले पहिले महत्त्वाचे काम म्हणजे बार्शी लाईट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या टप्प्याचे. हा प्रदेश त्या वेळी निजामाच्या राज्यातील उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात मोडत होता. अडीच फूट रुंदीची ही छोटी गाडी १९०७ साली तडवळ्यापर्यंत आणि १९११ साली लातूरपर्यंत पोहोचली. लातूरच्या बाजारपेठेच्या भरभराटीत तिचा वाटा फार मोठा आहे.

भारतातील एका थोर उद्योजकाच्या बांधकाम-कारकिर्दीचा प्रारंभ मराठवाड्याच्या काळ्या मातीत झाला, ही आपल्या भागासाठी अभिमानाची बाब आहे. भराव घालणे, मोऱ्या बांधणे आणि पावसाच्या पाण्याला वाट करून देणे, हेच रेल्वेच्या ठेकेदाराचे मुख्य काम. पाण्याला योग्य वाट ठेवली नाही तर भराव एका पावसाळ्यातच वाहून जातो. हा धडा या व्यवसायात पहिल्या वर्षीच मिळतो.

१९२० साली टाटा समूहाच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली आणि कामांचा पसारा वाढला. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळमार्गाचे काम, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल, ब्रह्मदेशात इरावतीवरील पूल अशी कामे या कंपनीने पार पाडली. त्याआधी १९१९ साली नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या समवेत त्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली होती. तिचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

फिरणारा साचा

शहरांना दुरून पाणी आणायचे, तर खर्चाचा मोठा भाग पाईपावरच होतो. त्या काळी मोठ्या व्यासाचे पाईप म्हणजे बिडाचे किंवा पोलादाचे. ते महाग असत व गंजतही असत. याच सुमारास ऑस्ट्रेलियातील वॉल्टर ह्यूम व त्यांचे बंधू अर्नेस्ट यांनी एक वेगळी पद्धत शोधली होती. १९१० साली अॅडलेड येथे सिद्ध झालेली ही पद्धत ऐकायला सोपी आहे. आडव्या ठेवलेल्या पोलादी साच्यात सळयांचा पिंजरा बसवायचा, साचा वेगाने फिरवायचा आणि फिरत असतानाच त्यात काँक्रीट सोडायचे. दही घुसळताना ते जसे भांड्याच्या कडेला चढते, तसे काँक्रीट साच्याच्या भिंतीवर घट्ट दाबले जाते. जास्तीचे पाणी आतल्या बाजूला सुटून निघून जाते. उरते ती कमी पोकळीची, घट्ट आणि आतून गुळगुळीत भिंत. कमी पाण्याचे काँक्रीट अधिक मजबूत असते, हे शास्त्र येथे यंत्राच्या फिरण्यानेच साधले जाते.

ही पद्धत भारतात आणण्यासाठी वालचंदजींनी २० जुलै १९२६ रोजी इंडियन ह्यूम पाईप कंपनीची स्थापना केली. पाईप वजनदार असल्यामुळे ते दूरवर वाहून नेणे परवडत नाही. म्हणून जेथे काम, तेथे जवळ कारखाना, हे या धंद्याचे गणित. त्यामुळे कंपनीचे कारखाने देशभर पसरले आणि खडी, वाळू व मजुरी त्या त्या भागातूनच घेतली जाऊ लागली. परदेशी पाईपावर जाणारा पैसा गावोगावच्या हातांत राहिला. वालचंदजींच्या स्वदेशीचा हा व्यवहारी अर्थ होता.

पाणी गाळूनच प्यावे हा नियम जैन कुटुंबात मुलाला अक्षरओळखीच्याही आधी शिकवला जातो. त्याच परंपरेतील एका घराण्याने पाणी वाहून नेणाऱ्या नळीचा उद्योग उभारावा, हा योगायोगच. तरीही मनाला भावणारा.

न दिसणाऱ्या मालाची परीक्षा

कापडाचा गिऱ्हाईक ठाण दुकानाबाहेर उजेडात नेतो, पोत बोटांनी चाचपतो, पाण्यात टाकून रंग जातो का ते पाहतो. पाईपाच्या गिऱ्हाइकाला ती सोय नाही. पाईप एकदा खंदकात बसला, वर माती पडली, रस्ता झाला, की पुढची पन्नास वर्षे तो कोणी पाहत नाही. ज्या गावकऱ्यांसाठी तो घातला जातो, ते त्याचे खरेदीदारही नसतात. खरेदी खाते करते, घालतो ठेकेदार आणि भोगते गाव. अशा धंद्यात लबाडीला वाव फार आणि पकडले जाण्याची भीती कमी. म्हणूनच माल कारखान्यातून निघण्यापूर्वीची परीक्षा हीच या व्यवसायाची खरी नीती ठरते.

स्वतंत्र भारतात या परीक्षेला राष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. काँक्रीटच्या पाईपांसाठीचे भारतीय मानक ४५८ हे प्रथम १९५६ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे वेळोवेळी सुधारले गेले. त्यात पाईपांचे वर्ग ठरविले आहेत. एनपी म्हणजे दाबाविना वाहणाऱ्या पाण्याचे आणि पी म्हणजे दाबाखालील पाण्याचे. हलक्या वाहतुकीखाली एनपी-२ चालतो, जड वाहतुकीच्या रस्त्याखाली एनपी-४ लागतो. एनपी पाईपालाही सात मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब देऊन गळती तपासतात. पी-३ वर्गासाठी हाच दाब साठ मीटरचा असतो. पाईपावर वरून भार देऊन कोणत्या वजनाला तडा जातो, तेही मोजले जाते. पाईप ओला ठेवून पुरेसे दिवस पाणी मारले गेले का, सळया पुरेशा आत झाकल्या गेल्या का, याचेही नियम आहेत. ही सारी कामे पाहणारा कोणी नसतानाही झाली पाहिजेत.

कंपनीचे नाव वस्तूचे नाव होऊन बसणे, हा मोठा मान आहे. पण त्याला दुसरी बाजूही आहे. आज कोणत्याही कारखान्याचा, बरा-वाईट कसाही पाईप ह्यूम पाईप याच नावाने विकला जातो. नाव सर्वांचे झाले, साख मात्र ज्याची त्यालाच राखावी लागते. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी रस्त्याचे काम पाहताना पाईपावरील मानकाची खूण, वर्ग आणि तारीख वाचून घेतली, तर गावाचे पुष्कळ पैसे वाचतील.

गेले काय, राहिले काय

वालचंदजींच्या पुढील आयुष्याचा आलेख विस्मयकारक आहे. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे त्यांनी ऊसशेती व साखर कारखाने उभारले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली. १४ मार्च १९४८ रोजी 'जल उषा' हे जहाज पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

परंतु विमान कारखाना युद्धकाळात, १९४२ साली, सरकारने आपल्या ताब्यात घेतला. जहाजबांधणी कारखान्याची सूत्रे १९५२ साली शासनाकडे गेली. सिंधिया कंपनीचे वैभव पुढे ओसरले. प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. दुसऱ्यांच्या भांडवलावर मोठी स्वप्ने पाहणारा माणूस, अशी टीकाही त्यांच्यावर हयातीतच झाली. ज्या उद्योगांनी त्यांना कीर्ती दिली, त्यांपैकी बरेचसे त्यांच्या घराण्याच्या हातून निसटले.

जमिनीखालचा उद्योग मात्र घरात राहिला. बंधू गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद हे वालचंदजींच्या कार्यात सहभागी होते. ह्यूम पाईपची धुरा रतनचंदजींच्या शाखेने पुढे वाहिली. साध्या पाईपांबरोबर ताण दिलेल्या तारांचे दाबसह पाईप आणि रेल्वेचे काँक्रीट स्लीपर असा मालाचा विस्तार झाला. २०२६ साली या कंपनीच्या स्थापनेला शंभर वर्षे होतात. जहाजाइतका गाजावाजा पाईपाला कधीच मिळाला नाही. पण रोज लागणारी, जवळच तयार होणारी आणि तपासून दिलेली वस्तू पिढ्या तारून नेते, हा व्यापारातील जुना अनुभव येथेही खरा ठरला.

आजची कसोटी

वालचंदजींच्या काळात सिमेंट हे प्रगतीचे चिन्ह होते. आज त्याचा हिशेब निराळाही मांडावा लागतो. चुनखडी भाजून सिमेंट तयार होताना कर्बवायू सुटतो. जगात माणसाच्या हातून बाहेर पडणाऱ्या या वायूचा सुमारे सात-आठ टक्के भाग एकट्या सिमेंटचा आहे. म्हणून सिमेंटमधील काही भाग औष्णिक वीज केंद्राच्या राखेने किंवा पोलाद कारखान्याच्या मळीने भरून काढण्याची पद्धत रूढ झाली आहे. १९९९ साली केंद्र शासनाने राखेच्या वापराविषयी अधिसूचना काढली. आपल्या परळीच्या केंद्राची राख ही एकेकाळी केवळ उडणारी डोकेदुखी होती, ती आता विटा आणि सिमेंटसाठी मागितली जाते. नदीतील वाळूऐवजी दगड फोडून केलेली वाळू वापरली, तर पैनगंगेसारख्या नद्यांचे पात्रही वाचते.

तरीही सर्वांत मोठी बचत टिकाऊपणात आहे. वीस वर्षांत फुटणारा पाईप दोनदा बदलावा लागला, तर सिमेंट, सळई आणि खोदाईचा खर्च तिप्पट होतो. शिवाय मधल्या काळातील गळतीचे पाणी कधीच परत मिळत नाही. काटकसर आणि जीवरक्षा यांचा विचार करणाऱ्या समाजाला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर पाण्यासाठी व्याकूळ झाले, तेव्हा मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले. त्या जलदूत गाडीच्या पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. बार्शी-येडशीकडून लातूरला जाणारी ही जुनीच वाट होती. मध्यंतरी ती थोडी बदलून रुंद झाली होती. शंभर वर्षांपूर्वी वालचंदजींनी याच वाटेवर आपल्या पहिल्या ठेक्याची माती टाकली होती. त्यांनी सुरू केलेल्या दोन कामांची, रूळ आणि पाईप यांची, मराठवाड्याला किती गरज आहे, हे त्या उन्हाळ्याने दाखवून दिले.

१९४९ साली वालचंदजींना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढे त्यांनी उद्योगातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आजही त्यांचे नाव धारण करून अभियंते घडवीत आहे. त्यातील कित्येकजण पुढे रस्ते आणि पाणीपुरवठ्याच्या कामांवर जातात. खंदकात उतरणारा प्रत्येक पाईप त्यांनी झाकण्यापूर्वी तपासून घेतला, तर त्या नावाचा मान राहील.