श्रीपुरोहितस्वामी : एक विस्मृत वाङ्मययात्रा

विल्यम बटलर येट्स या आयरिश कवी-नाटककाराच्या भारतीय संबंधांचा विचार करताना मोहिनी चटर्जी आणि रवींद्रनाथ टागोर ही दोन नावे ठळकपणे पुढे येतात. तिसरे नाव एका वऱ्हाडी गृहस्थाचे आहे. इंग्रजी समीक्षेत त्याला येट्स यांचा सहकारी म्हणून स्थान मिळाले. ज्या भाषेत तो वाढला त्या मराठीच्या वाङ्मयेतिहासात मात्र त्याची नोंद क्वचितच आढळते.

शंकर गजानन पुरोहित यांचा जन्म १८८२ साली अमरावतीजवळच्या बडनेरा येथे एका सुखवस्तू ब्राह्मण कुटुंबात झाला. पदवी आणि कायद्याचे शिक्षण त्यांनी घेतले, विवाह केला, अपत्येही झाली. परंतु मनाचा ओढा दत्तभक्तीकडे होता. १९०७ साली नागपूरला नाटेकर, म्हणजेच पुढे भगवान श्रीहंस या नावाने ओळखले गेलेले सत्पुरुष, त्यांना भेटले आणि गुरुशिष्यसंबंध जडला. गुरूंच्या आज्ञेने भिक्षापात्र घेऊन त्यांनी भारतभ्रमण केले. १९३० नंतरचा विलायतेचा प्रवास हाही गुर्वाज्ञेचाच भाग होता.

१९३१ साली लंडनमध्ये कवी स्टर्ज मूर यांच्याकडे त्यांची येट्स यांच्याशी भेट झाली. डब्लिनच्या ॲबी थिएटरचे हे संस्थापक, १९२३ चे नोबेल पारितोषिकाचे मानकरी, तेव्हा पासष्टी ओलांडलेले होते. तत्त्वज्ञानाची सामान्य विधाने न मांडता स्वतःचे जीवन लिहावे, असे येट्स यांनी स्वामींना सुचविले. या सल्ल्याचे महत्त्व मोठे आहे. निरूपणाची सवय असलेल्या संन्याशाला प्रसंग, व्यक्ती आणि स्थळ यांच्या साहाय्याने बोलण्याची ती दीक्षाच होती. स्टर्ज मूर यांनी हस्तलिखिताच्या भाषेवर हात फिरविला आणि १९३२ साली ‘ॲन इंडियन मंक’ येट्स यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले.

त्यानंतर १९३४ साली ‘द होली माउंटन’ आले. मानससरोवर आणि कैलास यांच्या यात्रेची ही श्रीहंसांची कथा मूळ मराठीतून स्वामींनी इंग्रजीत आणली. तिचा ठसा येट्स यांच्या ‘मेरू’ या सुनीतावर स्पष्ट दिसतो. एका मराठी यात्रावृत्ताने आधुनिक युरोपीय काव्यात असा प्रवेश करावा, ही तौलनिक अभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी घटना होय. १९३५ साली प्रसिद्ध झालेला गीतेचा अनुवाद स्वामींनी येट्स यांना सत्तराव्या वाढदिवसानिमित्त अर्पण केला.

१९३५-३६ च्या हिवाळ्यात दोघे माजोर्का बेटावर एकत्र राहिले. संस्कृत येट्स यांना येत नव्हते. स्वामी मूळ अर्थ उलगडीत आणि येट्स त्याला बोलीच्या लयीचे इंग्रजी रूप देत. मुक्कामात येट्स गंभीर आजारी पडले, तरी काम पुढे गेले. १९३७ साली ‘द टेन प्रिन्सिपल उपनिषद्स’ बाहेर पडले. याच सहवासात येट्स ‘द हर्न्स एग’ हे नाटक लिहीत होते. आयरिश पुराणकथेच्या धर्तीवरील या विनोदी-विचित्र रचनेतील पुनर्जन्मकल्पनेमागे स्वामींशी झालेली चर्चा आहे. नाटककाराच्या हयातीत ते रंगभूमीवर आले नाही.

या अनुवादांवर आक्षेप घेतले गेले आहेत. छांदोग्य आणि बृहदारण्यक संक्षेपाने आले आहेत. शास्त्रीय काटेकोरपणाहून प्रवाहीपणाला प्राधान्य मिळाले आहे. हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. अशा संयुक्त कृतीत शैलीचे श्रेय एकाला आणि अर्थाचे दुसऱ्याला, अशी वाटणी करता येईल काय? स्वामींच्या अर्थनिवडीवरच येट्स यांची वाक्ये उभी आहेत. उलट, स्वामींच्या कविताही येट्स यांनी १९३६ च्या ‘ऑक्सफर्ड बुक ऑफ मॉडर्न व्हर्स’मध्ये समाविष्ट केल्या, म्हणजे त्यांच्या दृष्टीने हा सहकारी केवळ दुभाषा नव्हता.

१९३६ साली स्वामी भारतात परतले. पुढच्या वर्षी श्रीहंस निवर्तले, १९३९ च्या जानेवारीत येट्स गेले आणि १९४१ साली स्वामींचे निधन झाले. इंग्रजी ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर त्यांचे नाव राहिले. ‘द होली माउंटन’मागच्या मराठीचा, आणि ती घडविणाऱ्या दत्तसंप्रदायी संस्काराचा शोध घेणे हे काम मात्र मराठी अभ्यासकाचेच आहे.