आवाज हरपलेला सम्राट

जर्मनीचे सम्राट फ्रेडरिक तिसरे यांची कारकीर्द अवघी ९९ दिवसांची ठरली. सम्राटपद वाट्याला आले, तेव्हा घशाच्या कर्करोगाने त्यांचा आवाज हिरावून घेतला होता.

१८ ऑक्टोबर १८३१ रोजी पॉट्सडॅम येथे जन्मलेल्या फ्रेडरिक यांनी ऑस्ट्रिया व फ्रान्सविरुद्धच्या युद्धांत सेनापती म्हणून लौकिक मिळवला. १८५८ मध्ये ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरिया यांच्या ज्येष्ठ कन्येशी त्यांचा विवाह झाला. हे दाम्पत्य उदारमतवादी विचारांचे होते. मात्र वडील विल्हेल्म पहिले यांना दीर्घायुष्य लाभल्याने फ्रेडरिक यांची उमेदीची वर्षे युवराजपदातच सरली.

जानेवारी १८८७ मध्ये त्यांचा आवाज घोगरा झाला. मार्चमध्ये डॉ. कार्ल गेरहार्ट यांना डाव्या स्वरतंतूवर लहानशी गाठ आढळली. विजेने तापवलेल्या तारेने त्यांनी ती जाळली. पण मे महिन्यापर्यंत गाठ पुन्हा वाढली. कर्करोगाच्या संशयाने शल्यविशारद अर्न्स्ट फॉन बेर्गमान यांनी गळा उघडून शस्त्रक्रिया करण्याची तयारी केली. त्याआधी लंडनचे स्वरयंत्रतज्ज्ञ मोरेल मॅकेन्झी यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी काढलेले गाठीचे तुकडे रुडॉल्फ फिर्खो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत कर्करोग दिसला नाही आणि शस्त्रक्रिया रद्द झाली. तुकडा निर्दोष असला तरी गळा निर्दोष असेलच असे नाही, याचा प्रत्यय पुढे आला.

नोव्हेंबरमध्ये इटलीतील सान रेमो येथे कर्करोगाचे निदान झाले. संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकण्यास फ्रेडरिक यांनी नकार दिला. ९ फेब्रुवारी १८८८ रोजी श्वासासाठी त्यांच्या गळ्याला छिद्र पाडावे लागले. ९ मार्चला वडील निवर्तले. नवे सम्राट चिठ्ठ्या लिहून कारभार पाहू लागले. १५ जून रोजी त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात कर्करोगावर शिक्कामोर्तब झाले. सत्ता पुत्र विल्हेल्म दुसरे यांच्याकडे गेली. त्यांच्याच राजवटीत १९१४ मध्ये जर्मनी महायुद्धात उतरली. फ्रेडरिक जगते तर इतिहास बदलला असता काय, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

वैद्यकशास्त्राने मात्र यातून मोलाचा धडा घेतला. स्वरतंतूवरील सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोग आता तोंडावाटे लेसरने काढता येतो. १९७० च्या दशकात ही पद्धत रूढ होऊ लागली. शस्त्रक्रियेनंतरचा व्रण आणि सूज यांच्याआड रोग पुन्हा डोके वर काढत असेल, तर दुर्बिणीतून केवळ पृष्ठभाग दिसतो. अशा वेळी एमआरआय तपासणी खोलवरच्या मऊ ऊती व कूर्चा यांचे चित्र दाखवते. व्रण कोणता आणि गाठ कोणती, हे ओळखण्यास मदत करते. अंतिम निर्णय आजही तुकडा तपासूनच होतो. पण तो नेमका कोठून घ्यावा, हे ठरवण्यास एमआरआयचा आधार मिळतो. मॅकेन्झी यांच्या हाती तेव्हा एक लहानसा आरसा आणि दिव्याचा प्रकाश एवढेच होते.