तंजावरच्या क्लारिंदाबाई

मराठी ब्राह्मण विधवा, आणि ख्रिस्ताची सेविका, असे म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे पंडिता रमाबाई उभ्या राहतात. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. परंतु त्याच्या १०५ वर्षे आधी तंजावरच्या एका मराठी ब्राह्मण विधवेने ख्रिस्ताचा स्वीकार केला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरास स्थापिलेली भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत टिकली. तिच्या आश्रयाने अनेक मराठी कुटुंबे कावेरीकाठी स्थायिक झाली. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली कोरलेला मराठी शिलालेख त्याची साक्ष देतो. राजाच्या पदरी असलेल्या अशाच एका ब्राह्मणाची ही पत्नी. परंपरा तिचे मूळ नाव कोकिळा असे सांगते.

पतिनिधनानंतर तिला सती जाण्यापासून लिटल्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने वाचविले, असे सांगतात. तो तिला आपल्याबरोबर पाळयंकोट्टई येथे घेऊन गेला. त्याने तिला ख्रिस्ती शिक्षण दिले. मात्र तिच्याशी विवाह केला नाही. स्वजनांना ती परकी झाली. तिने बाप्तिस्मा मागितला, तेव्हा मिशनरी श्वार्ट्झ यांनी विवाहाविना चाललेल्या त्या सहवासामुळे नकार दिला. एका निराधार स्त्रीला हा नकार किती जड गेला असेल, याचा विचार करा. तरी तिची श्रद्धा ढळली नाही. लिटल्टनच्या मृत्यूनंतर, १७७८ साली, श्वार्ट्झ यांनीच तिला बाप्तिस्मा दिला व ती क्लारिंदा झाली.

येथून पुढे क्लारिंदाबाईंचे खरे कार्य सुरू झाले. १७८० साली पाळयंकोट्टईच्या मंडळीची पहिली नोंदवही झाली. तिच्यात ४० नावे होती आणि पहिले नाव होते क्लारिंदाबाईंचे. मंडळीला उपदेशक मिळावा म्हणून त्या झटल्या. त्यांच्याच पुढाकाराने किल्ल्यात प्रार्थनामंदिर उभे राहिले व १७८५ साली श्वार्ट्झ यांनी त्याचे समर्पण केले. तमिळ लोक त्याला पाप्पात्ती अम्माळ कोविल, म्हणजे ब्राह्मण बाईंचे मंदिर, म्हणू लागले. पुढे तिरुनेलवेलीची मंडळी दक्षिण भारतातील मोठ्या मंडळ्यांपैकी एक झाली.

वाचकहो, तमिळ बांधवांनी ही स्मृती जपली, अ. माधवय्यांनी १९१५ साली त्यांच्यावर इंग्रजीत कादंबरीही लिहिली. आपल्याकडे मात्र त्यांचे नाव क्वचितच ऐकू येते. मराठी ख्रिस्ती स्त्रियांची परंपरा सह्याद्रीच्या छायेतच जन्मली असे नव्हे. तिची एक शाखा कावेरीच्या तीरावरून निघाली. रमाबाईंची कथा मुलांना सांगताना क्लारिंदाबाईंचीही अवश्य सांगावी.