मेंदूतला गुंता दाखवणारे डॉ. मोनिझ

काहींच्या मेंदूत रोहिणी आणि नीला यांचा गुंता असतो. मधल्या केशवाहिन्या नसल्याने रोहिणीतले जोराचे रक्त थेट नीलेत शिरते. हा गुंता फुटला की मेंदूत रक्तस्राव होतो. शंभर वर्षांपूर्वी कवटी उघडल्याशिवाय तो दिसत नसे, कारण क्ष-किरणांत हाड उमटे, रक्तवाहिन्या नाही.

ही अडचण दूर केली पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी. त्यांचा जन्म 1874 चा. लिस्बनमध्ये मेंदूविकारांचे प्राध्यापक असतानाच ते राजकारणातही होते. खासदारकी, राजदूतपद असे सारे करून पन्नाशीनंतर ते संशोधनाकडे वळले. संधिवाताच्या एका प्रकाराने, गाऊटने, त्यांची बोटे वाकडी झाली होती. त्यामुळे सुई टोचण्याचे काम तरुण सहकारी आल्मेदा लिमा करत.

क्ष-किरणांत दिसेल असे द्रव्य मानेतल्या रोहिणीत सोडायचे, ही त्यांची कल्पना. आधी कुत्र्यांवर आणि मृतदेहांवर प्रयोग झाले. मग स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड रुग्णांना दिले गेले. त्यात एक रुग्ण दगावला. मोनिझ यांनी ते द्रव्य सोडून सोडियम आयोडाइड घेतले. 28 जून 1927 रोजी एका तरुण रुग्णाच्या मेंदूतल्या रोहिण्या प्रथमच चित्रात स्पष्ट दिसल्या. अँजिओग्राफी जन्माला आली.

पुढे मोनिझ वेगळ्या वाटेला लागले. मानसिक आजारांवर मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी 1935 मध्ये सुरू केली. 1949 चे नोबेल त्यांना त्यासाठीच विभागून मिळाले. या शस्त्रक्रियेने असंख्य रुग्णांचे व्यक्तिमत्त्वच हिरावले आणि औषधे आल्यावर ती मागे पडली. 1955 मध्ये मोनिझ वारले. अँजिओग्राफीसाठी त्यांचे नाव नोबेलला सुचवले गेले होते. पण तो सन्मान तिच्या वाट्याला आला नाही.

आज मांडीच्या किंवा मनगटाच्या रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात. द्रव्य मात्र आयोडीनयुक्तच असते. रक्तस्रावानंतर मेंदूत दाह होतो. सीआरपी आणि पांढऱ्या पेशी फार वाढल्या असतील, तर रुग्णाला सावरायला वेळ लागू शकतो. म्हणून डॉक्टर रक्तचाचण्यांवरही नजर ठेवतात. पण गुंता नेमका कुठे आहे, त्याला रक्त कुठून येते, हे रक्ताचा थेंब सांगत नाही. त्यासाठी अजूनही मोनिझ यांनी दाखवलेली वाटच धरावी लागते.