सेमाफोरवाले डायक्स्ट्रा

एड्सगर डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे झाला. शिकले भौतिकशास्त्र, रमले प्रोग्रॅमिंगमध्ये. १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय प्रोग्रॅमर लिहिला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून तो नाकारला गेला! (आज निम्मं हॉस्टेल त्याच्याच मागे आहे.)

पुढे एक्स-१ या संगणकात इंटरप्ट येणार म्हटल्यावर ते धास्तावले. चालू काम कुठल्याही क्षणी तुटणार; म्हणजे चूक एकदा दिसेल आणि शोधायला गेलं की गायब. टेस्टिंग करून ती सापडेलच असं नाही. या विचारातून साठच्या दशकात सेमाफोर आला: सामायिक वस्तूला एका वेळी एकानेच हात लावायचा, बाकीच्यांनी थांबायचं.

आपण स्विंगमध्ये दुसऱ्याच थ्रेडमधून लेबल बदलतो, दहादा चालतं आणि नेमकं डेमोला बिघडतं, ते हेच दुखणं. स्विंगने मात्र प्रत्येक बटणाला कुलूप न लावता सगळी विंडो एकाच इव्हेंट थ्रेडच्या ताब्यात दिली. बाकीच्या थ्रेडनी इन्व्होकलेटरने निरोप द्यायचा. आणि लांबलचक काम त्या इव्हेंट थ्रेडवर करायचं नाही, नाहीतर विंडो गोठलीच.

१९७२ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. त्यांची टिपणं १३०० हून जास्त, त्यातली कित्येक चक्क फाउंटन पेनने लिहिलेली. ६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेन येथे ते वारले.