आडनाव सोडलेला संगीतकार : भिक्खू होंग-यी

आडनाव विचारून माणसाची जात ताडण्याची खोड आपल्या समाजातून अजून गेलेली नाही. चीनमध्ये आडनाव जात सांगत नाही, पण कूळ सांगते. 'ली' हे तिथले अत्यंत प्रचलित आडनाव. कोट्यवधी लोक ते लावतात. याच आडनावाच्या एका माणसाने संगीतात नाव कमावले, पुढे विनयावर विद्वत्तापूर्ण ग्रंथ लिहिला आणि या दोहोंच्या मध्ये आडनावच सोडून दिले. त्यांचे गृहस्थ नाव ली शूतोंग. बौद्ध जगत त्यांना भिक्खू होंग-यी म्हणून ओळखते.

त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८८० रोजी थिएनचिन शहरात झाला. वडील मिठाचे बडे व्यापारी आणि सावकार होते, तर आई त्यांच्या अनेक बायकांपैकी वयाने फार लहान असलेली. त्यामुळे घरात संपत्ती असली तरी आईला मान कमी होता. लहानपणीच वडील वारले. १९०५ मध्ये आईही गेली आणि त्याच वर्षी शूतोंग जपानला शिकायला निघाले. टोकियोच्या कलाविद्यालयात ते पाश्चात्त्य चित्रकला आणि त्याबरोबर संगीत शिकले. १९०६ मध्ये त्यांनी संगीताला वाहिलेले एक छोटे मासिक काढले. चिनी भाषेतील अशा पहिल्या नियतकालिकांत ते गणले जाते.

त्याच काळात त्यांनी मित्रांसोबत नाट्यसंस्था उभी केली. १९०७ मध्ये या तरुणांनी 'अंकल टॉम्स केबिन' या गुलामगिरीविरोधी कादंबरीवरचे नाटक टोकियोत रंगभूमीवर आणले आणि शूतोंग यांनी त्यात स्त्रीभूमिका केली. अमेरिकेतील काळ्या गुलामांचे दुःख पाहताना चिनी प्रेक्षकांना आपल्या देशाची अवस्था दिसत होती. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मायदेशी परतल्यावर १९१२ पासून ते हांगचौ येथील शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयात चित्रकला आणि संगीत शिकवू लागले. एका अमेरिकन गाण्याची चाल जपानमार्गे त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. तिच्यावर १९१५ च्या सुमारास त्यांनी निरोपाचे गीत रचले आणि ते चीनच्या शाळाशाळांतून गायले जाऊ लागले. लिउ चिपिंग नावाच्या गरीब शिष्याला जपानमध्ये शिकता यावे म्हणून ते आपल्या पगारातून पैसे पाठवत.

१९ ऑगस्ट १९१८ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांनी हांगचौच्या हूपाव विहारात प्रव्रज्या घेतली. थिएनचिनमध्ये पत्नी आणि दोन मुलगे होते. जपानहून सोबत आलेली सहचारिणी शांघायमध्ये होती. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थ यशोधरेच्या संमतीने गृहत्याग करतात. होंग-यींच्या बाबतीत तशी संमती दिसत नाही. मागे राहिलेल्या स्त्रियांनी या निर्णयाची किंमत मोजली. आदर बाळगूनही हे सांगितलेच पाहिजे.

याच ग्रंथाच्या प्रारंभी बाबासाहेबांनी विचारले आहे की बुद्धांनी भिक्खू कशासाठी घडवला, परिपूर्ण माणूस म्हणून की समाजसेवक म्हणून? होंग-यींची पुढची चोवीस वर्षे या कसोटीवर पाहता येतात.

चीनमध्ये तेव्हा विनयाचा अभ्यास मागे पडला होता. भिक्खू पुष्कळ, पण नियम जाणून पाळणारे कमी. होंग-यींनी धर्मगुप्तक परंपरेतील भिक्खूंचे अडीचशे नियम तक्त्यांच्या रूपाने मांडणारा ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण केला. दोष कधी घडतो, तो केव्हा हलका आणि केव्हा गंभीर ठरतो, कोणत्या प्रसंगी दोष लागत नाही, हे सारे त्यात एका नजरेत दिसते. त्यांनी विहारप्रमुखाचे पद घेतले नाही. दुपारनंतर ते जेवत नसत आणि फाटके चीवर शिवून वापरत. शियामेन येथे १९३४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने तरुण भिक्खूंसाठी शिक्षणसंस्था सुरू झाली.

संगीत मात्र सुटले नाही. भिक्खू ताइशू यांच्या शब्दांना त्यांनी चाल दिली आणि त्रिरत्नाचे गीत तयार झाले. चिनी बौद्धांच्या सभांतून ते आजही गायले जाते. १९३६ मध्ये त्यांच्या धम्मगीतांचा संग्रह निघाला, त्याच्या चाली लिउ चिपिंग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बांधल्या होत्या. दुसरे शिष्य फंग झीखाय यांनी गुरूंच्या पन्नाशीनिमित्त जीवरक्षणावर पन्नास चित्रे काढली आणि त्यांवरची अक्षरे होंग-यींनी लिहिली. पुढे दर दहा वर्षांनी दहा चित्रे वाढवायची, असा शिष्याचा संकल्प होता. सांस्कृतिक क्रांतीच्या छळातही त्यांनी तो गुपचूप पुरा केला. सहा खंडांत ४५० चित्रे झाली.

जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा होंग-यींनी बुद्धांचे स्मरण करताना देशाला विसरू नये, असे बजावले. ज्या देशात ते शिकले, त्याच देशाच्या आक्रमणाविरुद्ध ते उभे राहिले. १३ ऑक्टोबर १९४२ रोजी छुआनचौ येथे त्यांचे निधन झाले. दहनापूर्वी देह ठेवलेल्या पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, म्हणजे मुंग्या वर चढून जळणार नाहीत, अशी सूचना त्यांनी आधीच देऊन ठेवली होती.

चौथ्या शतकात भिक्खू ताओआन यांनी चीनमध्ये प्रथा घालून दिली की प्रव्रजिताने कुळाचे आडनाव सोडून शाक्यमुनींच्या नावातील 'शी' हे एकच आडनाव लावावे. 'ली' सोडून होंग-यींनी तेच घेतले. नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची वेगळी नावे उरत नाहीत, ही बुद्धांची उपमा त्यांनी अशी जगून दाखवली.

आपल्या चळवळीत गाणारे आणि ग्रंथ वाचणारे असे दोन गट पडलेले दिसतात. शाहिरांना अभ्यासक कमी लेखतात आणि अभ्यासकांचे लेखन वस्तीपर्यंत पोहोचत नाही. होंग-यींच्या आयुष्यात गीत आणि विनय एकाच माणसाच्या हातून झाले. तरुणांनी त्यांच्याकडून घ्यायचे ते हेच. भीमगीत गाणाऱ्याने ग्रंथ उघडावा आणि ग्रंथ वाचणाऱ्याने वस्तीत जाऊन गाण्याच्या कोरसमध्ये आवाज मिसळावा.