पणजीचे पहिले लोकनियुक्त खासदार

पणजी हा लोकसभेचा मतदारसंघ नावापुरताच शहरी होता. पेडणे, डिचोली, सत्तरी येथील कष्टकरी कुळेही त्यात मतदार होती. २००८ च्या पुनर्रचनेत ते नाव जाऊन उत्तर गोवा हे नाव आले. परंतु त्या मतदारसंघाने प्रथम ज्यांना निवडून दिल्लीस धाडले, त्या पीटर अल्वारिस यांचे विस्मरण व्हावे हे आम्हांस उचित वाटत नाही.

अल्वारिस हे समाजवादी कामगार पुढारी. नॅशनल काँग्रेस (गोवा) या संघटनेचे ते अध्यक्ष असताना, १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी पेडण्यातील तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा फडकविला.

डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत ते मगो पक्षाच्या बाजूने उभे राहिले. धर्माने ख्रिस्ती, मताने विलीनीकरणवादी! स्वधर्मीयांपैकी बहुसंख्यांचा रोष त्यांनी पत्करला आणि मगोच्या हिंदू मतदारांनी त्यांना आपले मानले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ३४,०२१ मतांच्या आधिक्याने विलीनीकरण नाकारले गेले. पुढे रेल्वे कामगारांच्या अखिल भारतीय महासंघाचे नेतृत्व केलेले अल्वारिस १९७५ मध्ये निवर्तले.

विलीनीकरणाचा निवाडा जनतेने केला. तो वाद आता संपला. परंतु उमेदवाराचा धर्म न पाहता त्याची भूमिका पाहून मत देणारे ते मतदार अडाणी होते असे कोण म्हणेल? मतदारयाद्या जातवार चाळणाऱ्या आजच्या पक्षांनी पेडणे-डिचोलीचा हा धडा एकवार गिरवावा.